गरोदरपणात शांत होणारा मेंदू: एमएस, इस्ट्रिऑल आणि बाळंतपणानंतरचे तीन महिने

मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, झालेली तरुण बाई न्यूरॉलॉजिस्टसमोर बसते तेव्हा एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. तिच्या शेजारी नवरा असतो, बऱ्याचदा आई किंवा सासूही असते, आणि प्रश्न त्यांच्यापैकी कुणीतरी आधी विचारतं: मूल होऊ द्यायचं का? हा आजार बहुतेकांना विशी ते चाळिशीत गाठतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये दुप्पट-तिप्पट आढळतो. त्यामुळे लग्न, बाळंतपण आणि आजार एकाच दहा-पंधरा वर्षांत येऊन पडतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे: नको. गरोदरपणाचा ताण आजार वाढवील, बाई अंथरुणाला खिळेल, अशी समजूत होती. त्या समजुतीपायी किती बायकांनी मूल होऊ दिलं नाही याची कुठे नोंद नाही.

समजूत चुकीची निघाली. ती कशी चुकीची निघाली, त्यातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक मेंदूतल्या दाहाशी काय करतं याचा माग कसा लागला, आणि तो माग मध्येच अवघड का झाला, हे इथे मांडतो आहे. सगळं प्रकरण एकाच परिस्थितीभोवती फिरतं: एमएस असलेली बाई, तिचे नऊ महिने आणि त्यानंतरचे तीन महिने.

आधी आजार

मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने जातो. एमएसमध्ये शरीराच्याच प्रतिकारपेशी, मुख्यतः टी आणि बी पेशी, रक्तातून मेंदूत शिरतात आणि या आवरणावर हल्ला करतात. मेंदूत मुळातच राहणाऱ्या मायक्रोग्लिया नावाच्या राखणदार पेशी चेकाळतात, अ‍ॅस्ट्रोसाइट नावाच्या ताऱ्याच्या आकाराच्या आधारपेशी रासायनिक हाका देऊन रक्तातून आणखी पेशी बोलावतात, आणि त्या जागी सुजेचा एक चट्टा तयार होतो. चट्टा डोळ्याच्या नसेवर पडला तर एका डोळ्याला अंधुक दिसतं आणि डोळा हलवला की दुखतं. मज्जारज्जूत पडला तर पाय बधिर होतात, लघवीवर ताबा राहत नाही. पॅरिसमध्ये शार्को यांनी १८६८ मध्ये या आजाराचं चित्र पहिल्यांदा नीट रेखाटलं. बहुतेक रुग्णांत तो अटॅकने येतो: काही दिवस किंवा आठवडे त्रास, मग कमी-अधिक सुधारणा, मग पुढचा अटॅक. वर्षाला किती अटॅक येतात हा आकडा म्हणूनच या आजाराचं एक मोजमाप ठरला आहे, आणि आपलं प्रकरण त्याच आकड्यापासून सुरू होतं.

२६९ गरोदरपणं

फ्रान्समधल्या लियाँ इथले क्रिस्तियाँ काँफाव्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात युरोपातल्या १२ देशांमधून एमएस असलेल्या २५४ गरोदर बायकांची नोंद सुरू केली. एकूण २६९ गरोदरपणं. आधीचे अभ्यास जुन्या केसपेपरांवरून मागे वळून केलेले होते. इथे बाई गरोदर असतानाच तिच्यामागे राहून प्रत्येक अटॅक टिपला गेला. निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले.

गरोदर राहण्याआधीच्या वर्षात या बायकांना सरासरी ०.७ अटॅक येत होते, म्हणजे दहा बायकांमागे वर्षाला सात. पहिल्या तिमाहीत हाच वार्षिक दर ०.५ झाला, दुसरीत ०.६ राहिला. तिसऱ्या तिमाहीत तो एकदम ०.२ वर आला. आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत तो १.२ वर गेला. त्यानंतर हळूहळू पुन्हा पहिल्यासारखा.

तिसऱ्या तिमाहीतली ही घट किती मोठी आहे ते समजायला एक तुलना पुरेशी आहे. एमएसवरचं पहिलं खास औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत १९९३ मध्ये मंजूर झालं ते अटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी करतं म्हणून. गरोदरपणाचे शेवटचे तीन महिने कुठल्याही औषधाशिवाय ते सत्तर टक्क्यांच्या आसपास कमी करत होते.

बाळंतपणानंतरच्या उसळीचा आकडा मात्र नीट वाचायला हवा, कारण तो वाचून घरातली मंडळी घाबरतात. त्याच बायकांच्या पुढच्या पाठपुराव्यात दिसलं की पहिल्या तीन महिन्यांत २८ टक्के बायकांना अटॅक आला; म्हणजे ७२ टक्के बायकांना आलाच नाही. ज्यांचा आजार गरोदरपणाच्या आधीच्या वर्षात आणि गरोदरपणातही जास्त सक्रिय होता, त्यांना धोका जास्त. आणि गरोदरपणामुळे कायमचं अपंगत्व लवकर आलं असंही दिसलं नाही. 'नको' म्हणणाऱ्या डॉक्टरांच्या पायाखालची जमीन इथे सरकली.

शरीराने दिलेला सुगावा

गरोदरपणात आजार शांत होतो हे पाहून औषध शोधायला निघण्याची वैद्यकशास्त्रात एक जुनी परंपरा आहे, आणि ती फार फलदायी आहे. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या फिलिप हेंच यांनी १९३० च्या दशकात पाहिलं की संधिवाताच्या बायकांचे सांधे गरोदरपणात मोकळे होतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा आखडतात. कावीळ झाली तरीही तसंच होत होतं. शरीरात काहीतरी तयार होत असलं पाहिजे, असं धरून ते वर्षानुवर्षं शोधत राहिले आणि त्यातून कॉर्टिसोन हाती आलं. १९५० चं नोबेल त्यांना केंडल आणि राइकश्टाइन यांच्यासह मिळालं. आज एमएसचा अटॅक आला की शिरेतून जे मिथाइलप्रेडनिसोलोन देतात ते त्याच घराण्यातलं.

मग एमएसमध्ये तिसऱ्या तिमाहीत काय वाढतं? बरंच काही. प्रोजेस्टेरॉन वाढतं, कॉर्टिसॉल वाढतं, इस्ट्राडिऑल हे नेहमीचं मुख्य इस्ट्रोजेन वाढतं, ड जीवनसत्त्वाचं सक्रिय रूप वाढतं, गर्भाच्या पेशी आईच्या रक्तात फिरू लागतात. पण या सगळ्यांत एक रेणू वेगळा उठून दिसतो: इस्ट्रिऑल, इस्ट्रोजेनचाच एक प्रकार. इतर वेळी बाईच्या रक्तात ते जेमतेम सापडतं, आणि गरोदरपणात जसजसे महिने भरतात तसतसं चढत जातं. वार पडली की काही दिवसांत संपतं. अटॅकच्या आलेखावर इस्ट्रिऑलचा आलेख उलटा करून ठेवला तर दोन्ही बरेचसे जुळतात.

इस्ट्रिऑल तयार कसं होतं हा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत विलक्षण वाटतो. आई एकटी ते बनवू शकत नाही आणि वारही एकटी बनवू शकत नाही. कच्चा माल बाळाच्या अधिवृक्क (मूत्रपिंडावरच्या) ग्रंथीतून येतो. तो बाळाच्या यकृतात जातो, तिथे त्यात एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवली जाते, मग तो वारेत पोचतो आणि वारेतलं अ‍ॅरोमाटेज हे विकर त्याचं इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करतं. तिथून तो आईच्या रक्तात येतो. म्हणजे आईच्या प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या रसायनांपैकी एक, अर्धं तरी, बाळाने घडवलेलं असतं. आणि त्याला कारण आहे. बाळाची निम्मी प्रथिनं बापाकडून आलेली, आईच्या शरीराला परकी. त्यांच्यावर हल्ला करणाऱ्या टी पेशींना नऊ महिने लगाम लागला नाही तर गर्भ टिकणं कठीण. एमएसमध्ये मायलिनवर हल्ला करणारी फौजही बरीचशी त्याच जातीची, म्हणून बाळासाठी घातलेला लगाम आईच्या मेंदूलाही उपयोगी पडतो.

पेशीच्या आत काय घडतं

इस्ट्रोजेन पेशीवर काम करतं ते ग्राहींमार्फत, म्हणजे ते ज्यांना चिकटतं अशा पेशीतल्या प्रथिनांमार्फत. त्यांतला एक, अल्फा, आधीपासून माहीत होता. दुसरा, बीटा, स्वीडनमधल्या कारोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांनी १९९६ मध्ये शोधला. मेंदूत दोन्ही आहेत, मज्जातंतूंवरही आणि आधारपेशींवरही.

मायक्रोग्लियाची गोष्ट इटलीत मिलानमधल्या आद्रियाना माज्जी यांच्या प्रयोगशाळेने उलगडली. मायक्रोग्लियाला धोक्याची चाहूल लागली की पेशीद्रवात झोपून असलेलं एनएफ-कप्पा-बी नावाचं प्रथिन जागं होतं आणि केंद्रकात शिरतं. केंद्रकात पोचलं की ते डीएनएवर बसून दाहाची जनुकं चालू करतं आणि टीएनएफसारखी सुजेला चेतवणारी रसायनं बाहेर पडू लागतात. इस्ट्राडिऑल अल्फा ग्राहीला चिकटलं की या प्रथिनाचा केंद्रकाकडचा प्रवासच अडतो. चावी कुलपापर्यंत पोचतच नाही. प्रथिन तेवढंच आहे, जनुकंही तीच आहेत, फक्त त्यांची गाठ पडत नाही. ज्या उंदरांत अल्फा ग्राहीच नाही त्यांच्या मेंदूत इस्ट्राडिऑलचा हा दाहशामक परिणाम दिसेना, त्यावरून नेमका ग्राही कोणता हे ठरलं.

दुसरा महत्त्वाचा धागा अ‍ॅस्ट्रोसाइटचा. उंदरांना मायलिनविरुद्ध चिथावून एमएससारखा आजार घडवता येतो. लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या रोंडा व्होस्कुल यांच्या गटाने असे उंदीर घेऊन एकदा फक्त मज्जातंतूंमधला अल्फा ग्राही काढला आणि एकदा फक्त अ‍ॅस्ट्रोसाइटमधला. मज्जातंतूंमधला काढल्याने काही बिघडलं नाही. अल्फा ग्राहीला चेतवणाऱ्या औषधाचं संरक्षण तसंच राहिलं. अ‍ॅस्ट्रोसाइटमधला काढल्यावर संरक्षण नाहीसं झालं. २०११ च्या या प्रयोगाने एक समजूत मोडली. इस्ट्रोजेन मज्जातंतूला थेट कवच घालतं असं आपल्याला वाटतं. इथे ते आधी शेजाऱ्याला शांत करतं. अ‍ॅस्ट्रोसाइट हाका मारायचं थांबवतात, रक्तातून येणाऱ्या पेशींचा ओघ कमी होतो, आणि मज्जातंतू वाचतो.

बीटा ग्राहीची वाट वेगळी. त्याला चेतवणाऱ्या औषधाने रक्तातल्या प्रतिकारपेशी फारशा बदलल्या नाहीत, आजाराचा सुरुवातीचा जोरही कमी झाला नाही; पण नंतरच्या टप्प्यात मायलिन आणि मज्जातंतू अधिक टिकले. इस्ट्रिऑल दोन्ही ग्राहींना चिकटतं, पण तुलनेने बीटाकडे त्याचा ओढा अधिक. म्हणूनच ते औषध म्हणून आकर्षक वाटलं, कारण स्तन आणि गर्भाशयावरचा इस्ट्रोजेनचा वाढीचा परिणाम प्रामुख्याने अल्फातून होतो.

मेंदू स्वतःही इस्ट्रोजेन बनवतो, ही आणखी एक नोंद. निरोगी मेंदूत अ‍ॅरोमाटेज मुख्यतः मज्जातंतूंत असतं. पण मेंदूला इजा झाली की एरवी ते न बनवणारे अ‍ॅस्ट्रोसाइट जखमेभोवती ते बनवू लागतात आणि जागच्या जागी इस्ट्राडिऑल तयार होतं. पक्ष्यांमध्ये आणि उंदरांमध्ये हे दिसलेलं आहे, नरांतही. ज्या रेणूला आपण बायकांचं संप्रेरक म्हणून एका खणात टाकून दिलं, तो जखमेवरचा प्रथमोपचार म्हणूनही वापरला जातो.

गोळी करून पाहिली तर?

व्होस्कुल आणि नॅन्सी सिकोटी यांनी २००२ मध्ये पहिली मानवी चाचणी प्रसिद्ध केली. मोजक्याच बायका होत्या, पण आखणी फार विचारपूर्वक केलेली होती. आधी सहा महिने काहीही न देता दर महिन्याला एमआरआय. मग सहा महिने रोज ८ मिलिग्रॅम इस्ट्रिऑलची गोळी. मग सहा महिने गोळी बंद. मग पुन्हा चार महिने गोळी. प्रत्येक बाई स्वतःच स्वतःची तुलना. एमआरआयच्या आधी शिरेतून गॅडोलिनियम देतात; ज्या चट्ट्यांत दाह चालू आहे तिथे ते झिरपतं आणि चट्टा पांढरा चमकतो. अटॅक-सुधारणा प्रकारच्या बायकांत गोळी सुरू झाल्यावर हे चमकणारे चट्टे सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले. गोळी थांबवल्यावर पुन्हा वाढले. पुन्हा दिल्यावर पुन्हा घटले. त्यांच्या रक्तातल्या पेशी तपासल्या तेव्हा टीएनएफ कमी आणि दाह आवरणारं इंटरल्युकिन-१० जास्त आढळलं. ज्यांचा आजार अटॅकच्या पुढे जाऊन सावकाश वाढणाऱ्या टप्प्यात होता त्यांच्यात मात्र असा फरक पडला नाही.

मोठी चाचणी २०१६ मध्ये आली: अमेरिकेतली १६ केंद्रं, १६४ बायका, दोन वर्षं. सगळ्यांना ग्लॅटिरामर या एमएसवरच्या औषधाचं रोजचं इंजेक्शन, आणि त्यावर निम्म्यांना इस्ट्रिऑल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ, म्हणजे औषध नसलेली गोळी. इस्ट्रिऑलच्या गटात वर्षाला ०.२५ अटॅक, दुसऱ्या गटात ०.३७. फरक योग्य दिशेने आहे. पण गोळीचा काहीच परिणाम नसतानाही एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता ०.०७७ इतकी निघाली. संशोधकांनी आधीच ०.१० ही मर्यादा ठरवली होती, त्यात ते बसलं, नेहमीच्या ०.०५ मध्ये बसलं नसतं. शिवाय पहिल्या वर्षी दिसलेला ठळक फायदा दुसऱ्या वर्षी फिका झाला. इस्ट्रिऑलच्या गटात पाळी अनियमित होण्याचं प्रमाण जास्त होतं. गंभीर दुष्परिणाम दोन्ही गटांत साधारण सारखे.

मला हा निकाल आशादायक वाटतो, पण कुणाच्या हातात गोळी ठेवण्याइतका नाही. यानंतर आवश्यक होती ती शेकडो-हजारो बायकांची तिसऱ्या टप्प्याची चाचणी. इस्ट्रिऑल हा जुना, स्वस्त रेणू. युरोपात आणि भारतातही रजोनिवृत्तीनंतरच्या योनीच्या कोरडेपणासाठी त्याचं मलम मिळतं. ज्यावर पेटंटचा मोठा नफा नाही त्यावर शेकडो कोटी खर्चून चाचणी करायला कंपन्या सहजी पुढे येत नाहीत, आणि दरम्यान एमएसला इतकी जोरदार नवी औषधं आली की एक मवाळ संप्रेरक मागे पडलं. एमएससाठी इस्ट्रिऑलला आजही मान्यता नाही. यात बायकांचं नुकसान आहे असं मला मनापासून वाटतं, कारण हे औषध खास त्यांच्याच शरीराने सुचवलेलं होतं.

हिशेब जिथे जुळत नाही

इस्ट्रोजेन वाढलं की दाह कमी, घटलं की जास्त, एवढंच सत्य असतं तर पुढच्या गोष्टी घडल्या नसत्या.

पहिली गोष्ट अंगावरच्या दुधाची. बाळाला फक्त अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन तळाला असतं. म्हणून तर पाळी लांबते. सरळ हिशेबाने अशा बायकांना अटॅक जास्त यायला हवेत. झालं उलटं. किमान दोन महिने केवळ अंगावर पाजणाऱ्या एमएसच्या बायकांत अटॅक कमी दिसले, आणि पुढे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही स्तनपानाच्या बाजूनेच कल राहिला. यात एक गुंता आहे: ज्यांचा आजार सौम्य त्या पाजतात, ज्यांचा जोरात त्या औषध सुरू करण्यासाठी पाजणं सोडतात. तेवढं वजा केलं तरी काही फायदा उरतो असं दिसतं, आणि तो इस्ट्रोजेनचा नक्कीच नाही.

दुसरी गोष्ट फ्रान्स, इटली आणि डेन्मार्कमध्ये झालेल्या चाचणीची. बाळंतपणानंतर संप्रेरकं कोसळल्यामुळे उसळी येते ना, मग ती कोसळू द्यायची नाहीत. बाळंतपणानंतर लगेच प्रोजेस्टेरॉनसारखं औषध आणि इस्ट्राडिऑलची चिकटपट्टी बारा आठवडे दिली. उसळी थांबली नाही. डोस हे एक कारण असू शकतं: पाळीच्या चक्रात रक्तातलं इस्ट्राडिऑल मिलिलिटरला काही शेकडा पिकोग्रॅमच्या पुढे क्वचित जातं, तर दिवस भरताना ते दहा हजारांच्या वर पोचलेलं असतं. चिकटपट्टी त्या उंचीच्या जवळपासही नेत नाही. आणि इस्ट्रोजेनचा प्रतिकारपेशींवरचा परिणाम मात्रेनुसार बदलतो, कमी मात्रेत काही पेशींना ते चेतवतं आणि गरोदरपणाच्या मात्रेत आवरतं.

तिसरी गोष्ट आपल्याकडे विशेष महत्त्वाची. एमएससारखाच दिसणारा एक आजार आहे, एनएमओ, म्हणजे न्यूरोमायलायटिस ऑप्टिका. त्यातही डोळ्याची नस आणि मज्जारज्जू सुजतो. पण त्यात हल्ला मुख्यतः प्रतिपिंडांचा (अँटिबॉडींचा) असतो, अ‍ॅक्वापोरिन-४ या पाण्याच्या वाहिनीविरुद्ध. ते प्रतिपिंड मेयो क्लिनिकमध्ये २००४ मध्ये सापडलं. त्याआधी हे रुग्ण एमएसच्याच यादीत मोडत. मायलिनच्या आजारांत एनएमओचा वाटा युरोपपेक्षा आशियात जास्त आहे. आणि या आजारात तिसऱ्या तिमाहीचं ते संरक्षण मिळत नाही. इस्ट्रोजेन हल्लेखोर टी पेशींना आवरतं, पण प्रतिपिंडं बनवणाऱ्या बाजूला उलट बळ देऊ शकतं. अ‍ॅक्वापोरिन-४ वारेवरही असतं, त्यामुळे गर्भपाताचा धोका वाढतो. म्हणजे तेच संप्रेरक, तोच मेंदू, जवळजवळ तीच लक्षणं, आणि परिणाम वेगळा. 'एमएस आहे, गरोदरपणात बरं वाटेल' असा दिलासा देण्याआधी या प्रतिपिंडाची रक्ततपासणी झालेली आहे का, हे विचारायलाच हवं.

चौथी गोष्ट म्हाताऱ्या मेंदूची. अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या ४,५३२ बायकांना घोडीच्या मूत्रातून काढलेलं इस्ट्रोजेन आणि कृत्रिम प्रोजेस्टिन, किंवा पोकळ गोळी दिली होती. स्मृतिभ्रंश टळेल ही अपेक्षा. २००३ मध्ये निकाल आला: संप्रेरक घेणाऱ्यांत ४० जणींना स्मृतिभ्रंश, न घेणाऱ्यांत २१. रजोनिवृत्तीनंतर पंधरा-वीस वर्षं इस्ट्रोजेनशिवाय राहिलेल्या, रक्तवाहिन्या कडक झालेल्या शरीरात ते अचानक सोडणं म्हणजे तिशीतल्या गरोदर बाईच्या शरीरात ते चढणं नव्हे. तोंडाने घेतलेलं इस्ट्रोजेन आधी यकृतात जातं आणि तिथे सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन, म्हणजे दाहाचंच एक मापक, वाढवतं. चिकटपट्टीने तसं होत नाही. 'इस्ट्रोजेन मेंदूला चांगलं' असं वाचून मेडिकलमधून गोळ्या आणू पाहणाऱ्या कुणालाही मी हा आकडा दाखवीन.

आणि १९९८ चा तो उसळीचा आकडाही आता जसाच्या तसा राहिलेला नाही. कॅलिफोर्नियात २००८ ते २०१६ मधल्या एमएसच्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला, त्यात बाळंतपणानंतरची उसळी दिसलीच नाही. निदान लवकर होऊ लागलंय, सौम्य आजारही एमआरआयवर पकडला जातो, आणि त्या बायकांत स्तनपानाचं प्रमाण मोठं होतं.

बाळंतिणीची खोली

हे सगळं आपल्या घरात कसं घडतं ते पाहू. आपल्याकडे पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी. बाळंतीण सव्वा महिना खोलीत. रोज तेलाने मालीश, कडकडीत पाण्याने अंघोळ, खाटेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपाची धुरी, कानात कापूस, डोक्याला घट्ट रुमाल. त्यातलं प्रेम आणि विश्रांती अनमोल आहे. एमएसच्या बाईला मात्र बहुधा उष्णतेचं वावडं असतं. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश आधीच कसाबसा जात असतो. अंगाचं तापमान अर्धा-एक अंश चढलं तरी तो अडतो. उठहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्येच हे नोंदवलं होतं: श्रमाने अंग तापलं की रुग्णाला अंधुक दिसतं, निवलं की पुन्हा स्पष्ट.

म्हणून शेक घेतल्यावर पाय लटपटले, दिसायला अंधुक झालं आणि थोड्या वेळात निवल्यावर सगळं पूर्ववत झालं, तर तो नवा दाह नसण्याचीच शक्यता जास्त. शेक बंद करावा, कोमट पाण्याने अंघोळ करावी, मालीश खुशाल चालू ठेवावी. ताप किंवा लघवीचा संसर्ग असेल तर आधी त्यावर इलाज, कारण त्यानेही जुनी लक्षणं उफाळतात. पण अंग गरम नसताना, ताप नसताना एखादं नवं लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं तर तो अटॅक समजून न्यूरॉलॉजिस्टला कळवायचं.

इथेच घोळ होतो. पहिल्या तीन महिन्यांत बाईला मुंग्या येतात, पाय जड होतात, मूल उचलताना हातातली ताकद जाते, आणि घर म्हणतं: बाळंतपणाचा अशक्तपणा आहे, वात भरलाय, झोप नाही ना पुरत. झोप खरोखरच पुरत नसते. त्यामुळे तिलाही ते पटतं. ज्या तीन महिन्यांत आजार सर्वांत जागा असण्याचा संभव आहे, नेमक्या त्याच तीन महिन्यांत ती मुंबई-पुण्याच्या आपल्या डॉक्टरांपासून दूर, गावी असते, आणि पुढची तपासणी 'बाळ जरा मोठं झालं की' म्हणून ढकललेली असते. अटॅकवर शिरेतून देतात ते स्टेरॉइड दुधात फार थोडं उतरतं. त्यासाठी पाजणं कायमचं तोडावं लागत नाही, डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे काही तासांचं अंतर ठेवलं की भागतं. दूध तुटेल या भीतीने बाई अंगावर काढते, हे टाळता येण्याजोगं आहे.

नियोजन गरोदर राहण्याच्या आधी सुरू व्हायला हवं. टेरिफ्लुनोमाइड, फिंगोलिमॉड, क्लॅड्रिबीन यांसारखी औषधं चालू असताना गरोदर राहणं योग्य नाही; ती कधी आणि कशी थांबवायची हे डॉक्टरांशी ठरवून. फिंगोलिमॉड किंवा नॅटॅलिझुमॅब मनाने एकाएकी बंद केलं तर आजार पूर्वीपेक्षा जोराने उलटू शकतो, आणि गरोदरपणाचं नैसर्गिक संरक्षण अशा वेळी पुरं पडेलच असं नाही. ग्लॅटिरामर आणि इंटरफेरॉन यांचा अनुभव बराच सुरक्षित आहे. गरोदरपणात अगदी लागलाच तर साधा एमआरआय करता येतो, गॅडोलिनियम टाळतात. एपिड्युरल (कळा सुसह्य करायला पाठीतून दिलेली भूल) घेतल्याने किंवा सिझेरियन झाल्याने एमएस बिघडतो याला आधार नाही, आणि नुसत्या एमएसच्या निदानावरून सिझेरियन करण्याचंही कारण नाही.

माहेरी जाताना फाइलबरोबर तीन गोष्टी न्याव्यात: शेवटच्या एमआरआयची प्रत, अटॅक आल्यास कोणतं औषध किती द्यायचं याची डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी, आणि जवळच्या शहरात ते देऊ शकणाऱ्या रुग्णालयाचा फोन नंबर. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी न्यूरॉलॉजिस्टची भेट, आणि ती तारीख डोहाळजेवणाच्या आधीच घेऊन ठेवावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा समावेश आहे, तेव्हा चालण्या-दिसण्यात कायमची उणीव राहिली असेल तर प्रमाणपत्रासाठीही त्याच भेटीत विचारावं. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाच्या शाखा मुंबई आणि पुण्यात आहेत. या वाटेने जाऊन आलेल्या आया तिथे भेटतात, आणि घरच्यांना समजावून सांगायला त्यांच्याइतकं चांगलं कुणी नाही.